विंडोज १० वरून ११ वर : वेग वाढेल का, आणि नाही तर मग बदलायचं कशाला?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. तालुक्याच्या गावी तुमचं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. चार मशीन. तुमचा लॅपटॉप अकराव्या पिढीच्या आय-५ चा. आठव्या पिढीचा आय-३ डेस्कटॉप, ४ जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क, ज्यावर एन्ट्री करणाऱ्या ताई बसतात. सहाव्या पिढीचा आय-५, एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकलेला, अजून छान चालणारा. आणि कोपऱ्यातलं एक म्हातारं मशीन, ज्यात ३२ बिटचं विंडोज १० आहे आणि एका पतसंस्थेचा जुना हिशोब फॉक्सप्रो या डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅममध्ये आहे. विंडोज १० चा पाठिंबा संपला, आता ११ टाका, मशीन पळायला लागेल, असं तुम्हाला दुकानदाराने सांगितलं. हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय. छोट्या ऑफिसांची, दवाखान्यांची, कृषी सेवा केंद्रांची मशीनं सांभाळणं. त्यामुळे सरळ सांगतो. मशीन पळायला लागणार नाही. ११ मध्ये जे खरोखर सुधारलंय ते तुम्हाला दिसणार नाही, आणि जे दिसेल त्यातलं निम्मं तुमच्या ताईंना आवडणार नाही. तरीही चारपैकी दोन मशीनवर मी ते टाकलंच असतं. तिसऱ्याचा वेगळा विचार करावा लागेल, आणि चौथ्याला हात लावायचा नाही.

आधी वेगाचं बघू, कारण सगळ्यांची खरी अपेक्षा तीच असते. ताईंच्या मशीनवर सकाळी काय होतं ते मी न बघता सांगतो. बटण दाबलं, डेस्कटॉप दिसला, पण क्रोमवर क्लिक केलं तर नुसतं गोल फिरतंय. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत, आणि डिस्कच्या रकान्यात लालभडक १००. हा आजार विंडोजचा नाही, फिरणाऱ्या हार्डडिस्कचा आहे. ११ टाकल्यावर तो वाढेल, कारण मागे चालणाऱ्या गोष्टी ११ मध्ये कमी नाहीत, उलट थोड्या जास्तच आहेत. कागदावर ११ ला ४ जीबी रॅम पुरते. प्रत्यक्षात ४ जीबीच्या मशीनवर ते चालू होऊन नुसतं बसलं तरी निम्म्याहून जास्त रॅम त्यातच जाते, उरलेल्यात क्रोम, एक्सेल आणि टॅली एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्या मशीनला एक एसएसडी आणि रॅमची अजून एक कांडी घाला. मग १० असो की ११, ताई म्हणतील मशीन नवीन आणलं. लोक माझ्याकडे येऊन सांगतात की ११ टाकल्यावर पीसी सुसाट झाला. खोदून विचारलं की कळतं, त्याच दिवशी एसएसडीही टाकली होती आणि पाच वर्षांचा कचरा फॉरमॅटमध्ये गेला होता.

मग ११ मध्ये आहे काय? एक गंमत करून बघा. ११ असलेल्या कुठल्याही मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘व्हर’ टाइप करा. उत्तर येतं १०.० आणि पुढे बिल्डचा, म्हणजे आतल्या बांधणीचा आकडा. म्हणजे पाटीवर अकरा, पोटात अजून दहाच. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या पहिल्या ११ चा बिल्ड २२००० होता, २४एच२ या २०२४ च्या आवृत्तीचा २६१००. यात फसवणूक काही नाही, उलट तुमच्यासारख्याच्या फायद्याची गोष्ट आहे. ६४ बिटच्या १० वर जे सॉफ्टवेअर धड चालतं, ते ११ वर बहुतेक जसंच्या तसं चालतं. एक्सपीवरून व्हिस्टावर जाताना प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरनी जो छळ मांडला होता, तसं इथे होत नाही. आपल्याकडे एक लाडका सिद्धान्त आहे की विंडोजची एक आवृत्ती चांगली, एक वाईट : एक्सपी चांगलं, व्हिस्टा वाईट, सात चांगलं, आठ वाईट, दहा चांगलं, म्हणजे अकरा वाईटच असणार. मला तो पटत नाही. सात म्हणजे आतून पुष्कळसं व्हिस्टाच होतं, फक्त तोवर ड्रायव्हर तयार झाले होते आणि लोकांकडे रॅम आली होती. दोन-तीन वर्षं मुरू दिलं की वाईट विंडोजही चांगलं होतं. ११ आता तेवढं मुरलंय.

खरा बदल पायाभरणीत आहे. ११ ला टीपीएम २.० ही चिप, यूईएफआय (मशीन चालू करणाऱ्या बायोसचा नवा अवतार) आणि सिक्युअर बूटची सोय, आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढे, एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून. टीपीएम म्हणजे मशीनच्या आतली छोटी तिजोरी. कुलपाच्या किल्ल्या ती स्वतःकडे ठेवते, हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी देत नाही. सिक्युअर बूट मशीन चालू होताना बघतं की विंडोजच्या आधी दुसरंच कुणी खुर्चीत येऊन बसलंय का. मेमरी इंटिग्रिटी नावाची तिसरी गोष्ट संशयास्पद किंवा जुनाट ड्रायव्हरला गाभ्यात शिरू देत नाही. हे सगळं १० मध्येही होतं, पण ऐच्छिक होतं, आणि ऐच्छिक गोष्ट आपल्याकडे कोण चालू करतो? तुमच्या मशीनवर शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक खाती आणि डिजिटल सह्यांची टोकनं आहेत. तुम्हाला यातून रोज काही जाणवणार नाही, जसं दाराला चांगलं कुलूप लावल्याचं जाणवत नाही.

आता इथेच एक गफलत होते, आणि ती ताईंच्या मशीनवर होणार म्हणून जरा सविस्तर सांगतो. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे तपासणीचं साधन चालवाल तर ते बहुधा म्हणेल की हे मशीन ११ च्या लायकीचं नाही. दुकानदार म्हणेल, नवीन घ्या. थांबा. आठवी पिढी यादीत आहे. अडचण एवढीच की त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर टीपीएम असून बंद ठेवलेला असायचा. इंटेलच्या बायोसमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम. तो चालू केला की अर्धी अट पुरी. उरलेली अर्धी म्हणजे बायोस मोड. सिस्टम इन्फर्मेशन उघडून बघा, ‘बायोस मोड’ समोर लेगसी लिहिलं असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागेल. विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर टू जीपीटी नावाचं हत्यार आहे, डेटा न पुसता काम करतं. पण त्याची एक अट आहे : डिस्कवर एक्सटेंडेड पार्टिशन (एक मोठा कप्पा, ज्याच्या पोटात छोटे कप्पे) असता कामा नये. आणि आपल्याकडची सगळी दुकानं वर्षानुवर्षं काय करत आलीत? सी, डी, ई, एफ! सी मध्ये विंडोज, डी मध्ये टॅली, ई मध्ये गाणी, एफ मध्ये साहेबांचे फोटो. हे डी-ई-एफ बहुतेक वेळा एक्सटेंडेडच्या पोटातलेच असतात. मग ते हत्यार नकार देतं आणि दुकानातलं पोरगं म्हणतं, सर, होत नाही. ताईंच्या बाबतीत उपाय सोपा आहे, कारण हार्डडिस्क तशीही बदलायचीच आहे. बायोस यूईएफआय करा, नव्या एसएसडीवर ११ कोरं टाका, आणि जुन्या डिस्कवरचं डी-ई-एफ निवांत उतरवून घ्या. मात्र जुनी डिस्क तशीच ठेवून आधी बायोस बदलू नका, मशीन चालूच होणार नाही आणि घाबराल.

सहाव्या पिढीचा आय-५. याच्याबद्दल मला स्वतःला राग आहे. मशीन उत्तम, एसएसडी आहे, ८ जीबी आहे, ताईंच्या आय-३ च्या बरोबरीला सहज उभं राहील, आणि तरी यादीबाहेर. २०१५ साली १० आलं तेव्हा सातवर चालणारं जवळजवळ प्रत्येक मशीन त्यात सामावलं होतं, आणि वरून ते फुकट मिळालं. या वेळी चांगली चालती मशीनं एका यादीने म्हातारी ठरवली. पळवाटा आहेत. इन्स्टॉल करताना तपासणी चुकवता येते, रुफससारखी साधनं तशी पेनड्राइव्ह बनवून देतात, आणि तसं टाकलेलं ११ चालतंही. मी घरगुती मशीनवर टाकून दिलंय. ऑफिसमध्ये टाकत नाही. कारण पुढची मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, दर वेळी हाताने ढकलावी लागते, आणि एखाद्या दिवशी दारच बंद होऊ शकतं. २४एच२ आलं तेव्हा कोअर टू डुओ या जुन्या प्रोसेसरवाल्यांचं तसंच झालं. प्रोसेसरमध्ये एक सूचना नव्हती, मशीन बूटच होईना. डिसेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टीपीएमच्या अटीत सूट नाही हेही पुन्हा एकदा स्पष्ट केलंय.

मग त्याचं करायचं काय? १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, पण म्हणून मशीन बंद पडत नाही. सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट थांबतात, एवढंच. पण हे ‘एवढंच’ किती महाग पडतं ते मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी जगाने बघितलं. त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच आलं होतं, ज्यांनी लावलं नाही त्यांच्या फायली गेल्या. सुदैवाने १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. सर्वसामान्य ग्राहकांसाठीची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्ज क्लाउडवर सिंक केल्या तर फुकट, नाही तर ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण. मशीनवर २२एच२ ही आवृत्ती हवी, आणि ते डोमेनला, म्हणजे मोठ्या ऑफिसांच्या सामाईक नेटवर्कला, जोडलेलं नसावं. तुमच्या त्या आय-५ ला नोंदवून टाका. तोवर पैसे बाजूला काढा, आणि नवीन मशीन आलं की हे घरी मुलांच्या अभ्यासाला जाईल.

आता दिसणाऱ्या गोष्टी. स्टार्ट बटण मधोमध आलंय. टास्कबारच्या सेटिंगमधून एका मिनिटात डावीकडे नेता येतं, ते पहिल्याच दिवशी करा. ताईंचा हात वीस वर्षं डाव्या कोपऱ्यात जातोय, तो आता कशाला वळवायचा? राइट क्लिकचा मेनू छोटा केलाय. सुरुवातीला तर कट, कॉपी, पेस्ट ही नावंच काढून नुसती चिन्हं ठेवली होती. एका ऑफिसात एक काका मला म्हणाले, ‘अहो, पेस्ट गेलं कुठं?’ आणि पेस्ट त्यांच्या नाकासमोर होतं, कात्री आणि कागदाच्या चित्रांच्या शेजारी. २४एच२ मध्ये चित्रांखाली नावं परत आली. झिप, स्कॅन, सही करायचं सॉफ्टवेअर वगैरे जुनी मंडळी मात्र अजूनही बऱ्याचदा ‘शो मोअर ऑप्शन्स’ च्या मागे सापडतात. शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की तो जुना मेनू थेट येतो. हे एकच बटण लिहून ताईंच्या मॉनिटरला चिकटवा.

अशा काढून घेतलेल्या आणि मग उपकार केल्यासारख्या परत दिलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेणं २०२२ मध्ये परत आलं, उघड्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दिसणं २०२३ मध्ये. वर्डपॅड २४एच२ मध्ये कायमचं गेलं. बदल्यात जे मिळालं त्यातलं दोनच गोष्टींचं मी मनापासून कौतुक करतो. एक, फाइल एक्सप्लोररमध्ये टॅब आले. तुमच्यासारख्या क्लायंटवार फोल्डरवाल्याला तेवढ्यासाठीच ११ आवडेल. दुसरं, विंडोज की आणि झेड दाबलं की पडद्याचे तयार खण येतात. एकीकडे पोर्टल, एकीकडे एक्सेल. आकडे बघून-बघून भरणाऱ्याची मान वाचते.

मराठीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण नोटिशीची उत्तरं तुम्ही मराठीत टाइप करत असणार. फोनेटिक मराठी कीबोर्ड मे २०१९ च्या अपडेटपासून १० मध्येच होता, ११ मध्येही आहे, विंडोज की आणि स्पेसने भाषा बदलते. कोरं ११ टाकल्यावर मात्र मंगल फॉन्ट दिसत नाही म्हणून बोंब होते. तो गेलेला नाही. देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या ऐच्छिक संचात आहे, ऑप्शनल फीचर्समधून घ्या. नाही तर सरकारी नमुन्यातला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडतो, ओळी सरकतात, आणि एका पानाची नोटीस सव्वा पानाची होते. युनिकोडच्या आधीचे जुने फॉन्ट नेहमीसारखे चालतात. अडतं ते त्यांचं टायपिंगचं पॅकेज आणि त्याचं डोंगल, म्हणजे ते पॅकेज उघडायची मशीनला लावायची किल्ली. त्या डोंगलचा ड्रायव्हर फार जुना असेल तर मेमरी इंटिग्रिटी त्याला अडवते, आणि लोक इंटरनेटवर बघून ती मेमरी इंटिग्रिटीच बंद करून टाकतात. म्हणजे ज्यासाठी ११ घेतलं तेच काढून ठेवलं. सहीच्या टोकनचंही तसंच. ११ टाकायच्या आधी टोकन कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवा. विंडोज ११ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर नाही. एखादं जुनं पोर्टल त्याच्यावरच अडून बसलं तर एजमध्ये आयई मोड आहे, आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय.

लॅपटॉपवर अपग्रेड करण्यात काही अवघड नाही, पण त्याआधी एक गोष्ट बघाच. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे का, आणि असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कुठल्या खात्यात आहे? माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांचा लॅपटॉप बायोस अपडेटनंतर निळ्या पडद्यावर थांबला आणि किल्ली मागू लागला. डॉक्टर म्हणाले, मी तर कधी कुलूप लावलंच नाही. खरं होतं. नवा लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलाने सेटअप भराभर उरकायला स्वतःच्याच ई-मेलने खातं उघडलं होतं, आणि किल्ली आपोआप त्या खात्यात गेली होती. मुलगा तोवर नोकरी सोडून दुसऱ्या शहरात. तीन दिवसांनी फोन लागला, त्याला पासवर्ड आठवला, म्हणून पेशंटचे रिपोर्ट वाचले. २४एच२ कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की होम आवृत्तीतही हे कुलूप आता आपोआप लागतं, अर्थात मशीनमध्ये ती सोय असेल तर. कुलूप चांगलंच आहे. किल्ली तुमच्या खात्यात हवी, आणि कागदावर लिहून ऑफिसच्या तिजोरीतही. त्याच वेळी वनड्राइव्हचंही बघा. सेटअपच्या ओघात तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढून घेतो, फुकटची जागा ५ जीबी, ती आठवड्यात भरते आणि मग रोज कटकट.

गेमिंगचं आणि एआयचं दोन ओळींत. बाराव्या पिढीपासून इंटेलमध्ये दोन प्रकारचे कोअर आले, त्यांना काम वाटून देणं ११ ला जास्त चांगलं जमतं. पण तुमच्या चारपैकी एकातही तसा प्रोसेसर नाही. कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस वगैरे ज्याच्यासाठी नवे लॅपटॉप खपवले जातायत, त्याशिवाय रिटर्न भरता येतं.

एक सवय मात्र गेमिंगवाल्यांच्या अनुभवातून घ्या. ११ आलं त्याच महिन्यात रायझन प्रोसेसरवर एक दोष निघाला, काही गेम १० ते १५ टक्के मंदावले, आणि ठिगळ यायला दोन आठवडे गेले. त्याच ऑक्टोबरच्या शेवटी एक प्रमाणपत्र संपलं म्हणून स्निपिंग टूलसारख्या साध्या गोष्टी काही मशीनवर उघडेनात. पहिल्या दिवशी पंगतीला बसायचं नाही, दुसऱ्या पंगतीला जेवण तेच असतं. आता तुम्ही तिसऱ्या-चौथ्या पंगतीला आहात, घाबरायचं कारण नाही.

क्रम असा ठेवा. महिन्याच्या २० तारखेचं जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरून झालं की एकविसाव्या दिवशी ताईंचं मशीन घ्या. त्यात नवी एसएसडी असल्याने जुनी डिस्क जशीच्या तशी परतीचं तिकीट म्हणून हातात राहते. तिच्यावर तारीख लिहून ड्रॉवरमध्ये ठेवा, तीन महिने कुणाला पुसू देऊ नका. प्रिंटर, टोकन, टॅली, ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड, सगळं त्या मशीनवर एक पूर्ण महिना चालून गेलं की मग तुमचा लॅपटॉप. तिथे फॉरमॅट नको, आहे त्यावरच अपग्रेड करा, अस्सल १० वर ते फुकट आहे. नाही जमलं तर रिकव्हरीमधून १० दिवसांच्या आत मागे फिरता येतं. मात्र त्या दहा दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअप करून विंडोज डॉट ओल्ड फोल्डर उडवू नका. तो गेला की परतीचा रस्ता गेला.

राहिलं कोपऱ्यातलं म्हातारं मशीन. ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉसचे जुने १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाही. म्हणजे कुणी उत्साहाने त्याच्यावर नवीन विंडोज टाकलं तर फॉक्सप्रो उघडणारच नाही, आणि पतसंस्थेचा लेखापरीक्षक बरोबर त्याच आठवड्यात दारात उभा राहील. डॉसबॉक्ससारख्या इम्युलेटरमध्ये ते चालवून बघता येईल, पण डॉट मॅट्रिक्सवरची छपाई जुळवण्यात दोन दिवस जातात, तेव्हा ते सवडीने करा. आज त्याच्या डीबीएफ फायली (फॉक्सप्रोचा सगळा डेटा त्यातच असतो) दोन पेनड्राइव्हवर कॉपी करा, त्यातली एक घरी न्या. मग मशीनच्या मागे जाऊन इंटरनेटची केबल उपसून काढा, आणि पुन्हा कुणी लावू नये म्हणून त्या भोकावर चिकटपट्टी मारा.